गाण्याइतकंच बोलणं: मुलाखत-मैफलीची पार्श्वभूमी

ज्येष्ठ गीतकार-संगीतकार मंचावर, समोर पेटी, शेजारी मुलाखतकार आणि प्रेक्षागृहात तीन तास गाणी नि गप्पा. या कार्यक्रमाला आपण आता इतके सरावलो आहोत की तो जुनाच आहे असं वाटतं. एका अर्थी तो जुना आहेच. नारदीय कीर्तनात पूर्वरंगाचं, म्हणजे पहिल्या भागातलं, निरूपण आणि अभंग हातात हात घालून येतात. गाडगेबाबा तर समोरच्या माणसांना थेट प्रश्न विचारत, त्यांच्याकडून उत्तर वदवून घेत आणि मग ‘गोपाला गोपाला’चा गजर धरत.

स्वतः लिहिणारा, स्वतः चाल बांधणारा आणि स्वतःच गाणारा माणूसही आपल्याकडे होता. आपण त्याला शाहीर म्हणत आलो. तुकडोजी महाराज खंजिरीवर स्वतःचीच भजनं म्हणत आणि लोकांशी बोलत. त्या बोलण्याचं वजन इतकं होतं की 1942 च्या चिमूर-आष्टीच्या उठावात इंग्रजांनी त्यांना अटक केली. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक गिरणगावात उभं राहिलं. वामनदादा कर्डकांनी मोठेपणी अक्षरं गिरवली आणि पुढे गावोगाव फिरून आंबेडकरी चळवळीची गाणी स्वतः लिहून गायली. मराठी गायक-कवींचा इतिहास सांगताना ही नावं पहिल्या ओळीत यायला हवीत. ती सहसा येत नाहीत याचं मला वाईट वाटतं.

भावगीताने मात्र हे काम वाटून टाकलं. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, गळा तिसऱ्याचाच. ध्वनिमुद्रिका आणि आकाशवाणी यांमुळे गाणं घराघरांत पोचलं, पण ते घडलं कसं हे ऐकणाऱ्याला कळेनासं झालं. कुतूहल तिथून सुरू झालं.

‘गीतरामायण’ घ्या. 1 एप्रिल 1955 पासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक अशी 56 गीतं प्रसारित झाली. रेडिओवर गायक अनेक होते. नंतर सुधीर फडके पेटी घेऊन एकटेच ती गाऊ लागले आणि श्रोत्यांना संगीतकाराच्याच तोंडून गाणं ऐकायची गोडी लागली. पहिल्या गीताचा कागद ऐनवेळी सापडेना, तेव्हा गीतकार ग. दि. माडगूळकरांना खोलीत बसवून ते पुन्हा लिहून घेतलं, हा किस्सा महाराष्ट्रात आजही सांगितला जातो. असे किस्से छापील पानापेक्षा मंचावरूनच जास्त पसरले. दुसऱ्या बाजूने वसंत बापट, विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर हे कवी गावोगाव काव्यवाचन करत होते. नुसते शब्द ऐकायलाही गर्दी जमते, हे त्यांनी दाखवून दिलं.

या दोन धारा जोडणाऱ्यांत यशवंत देव मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. ते गीतकार, संगीतकार, गायक आणि शिक्षकही होते. ‘शब्दप्रधान गायकी’ या पुस्तकात त्यांनी जे मांडलं, ते पेटीवर करून दाखवता येण्याजोगं होतं: ओळ कुठे तोडली की अर्थ मोडतो, कोणत्या शब्दावर स्वराचा भार द्यायचा. हे गाऊनच दाखवावं लागतं, आणि त्यासाठी मध्ये थांबून बोलावंही लागतं. सुधीर गाडगीळांसारख्या मुलाखतकारांनी पुढे ही गप्पांची बाजू पक्की केली. 2003 साली संदीप खरे आणि सलील कुलकर्णी ‘आयुष्यावर बोलू काही’ घेऊन आले. त्यात कवी स्वतः मंचावर गायला बसला होता आणि तरुण श्रोता तिकीट काढून आला.

आज दिवाळी पहाटेपासून परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांपर्यंत हा साचा सर्वत्र आहे. त्यातली घोकलेली निवेदनं आणि आधीच मुद्रित केलेला वाद्यमेळ मला खटकतो. ट्रॅक सुरू झाला की संगीतकाराला मध्येच थांबून म्हणता येत नाही, ‘थांबा, या मुखड्याची आधी एक वेगळी चाल होती, ती ऐका.’