सिग्नल लाल पडला म्हणजे फेल झाला असं नाही

पावसाळा आला की मुंबईत तेच, कुर्ला-सायनला रुळांवर पाणी साचतं, लोकल खोळंबतात, "सिग्नल यंत्रणेत बिघाड" अशी घोषणा होते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू होतं की एवढ्या वर्षांत यांना साधा सिग्नल चालवता येत नाही. लोकांचा वैताग खराच आहे, लेटमार्क त्यांनाच लागतो. पण त्या लाल दिव्यामागे जे विज्ञान आहे ते मला इतकं आवडतं की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

रुळांवर गाडी आहे की नाही हे ओळखायला बऱ्याच ठिकाणी ट्रॅक सर्किट असतं, मूळ कल्पना अमेरिकेतल्या विल्यम रॉबिन्सनची, १८७२ ची. रुळांचा एक तुकडा घ्यायचा, दोन्ही टोकांना इन्सुलेशनचे जोड देऊन तो बाकीच्या रुळांपासून तोडायचा. एका टोकाला काही व्होल्टचा सप्लाय, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे शाळेतला इलेक्ट्रोमॅग्नेटच. करंट एका रुळातून जातो, रिलेच्या कॉइलमधून फिरून दुसऱ्या रुळातून परत येतो, रिले ओढलेला राहतो आणि तो ओढलेला असेल तरच सिग्नल लाल सोडून दुसरा रंग दाखवू शकतो. गाडी आली की चाकं आणि अ‍ॅक्सल दोन्ही रूळ जोडतात, करंट तिथूनच परत फिरतो, रिले पडतो, सिग्नल लाल.

आता यातली खरी गोष्ट बघा. "गाडी आहे" हे कळायला करंट लागतच नाही, "गाडी नाही" हे सिद्ध करायला लागतो. म्हणून वायर तुटली तरी लाल, सप्लाय गेला तरी लाल, रूळ आरपार तुटला तर बहुतेक वेळा लाल. साचलेलं गढूळ पाणी दोन रुळांमध्ये करंट गळू देतं, रिलेला पुरेसा मिळत नाही, लाल. अनेक रिलेंमध्ये तर एका बाजूचे कॉन्टॅक्ट कार्बनचे ठेवतात, म्हणजे ठिणगी पडून ते एकमेकांना वेल्ड होऊन चिकटू नयेत. रेल्वेवाले याला सेफ साइड फेल्युअर म्हणतात. त्यांना धास्ती असते ती उलट्या बिघाडाची, रस्ता मोकळा नसताना हिरवा पडण्याची.

हा झाला एकच थर. मोटरमनकडून लाल चुकून ओलांडला गेलाच तर पुढे साधारण १२० मीटर जागा राखून ठेवलेली असते, मुंबईच्या लोकलमध्ये सावध करून गरज पडली तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आहे, मोटरमनचा हात हँडलवरून सुटला तरी ब्रेक लागतात. जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या सुमारास हेच चीजच्या चकत्यांचं उदाहरण देऊन मांडलं, प्रत्येक चकतीला भोकं असतात, पण सगळी भोकं एका रेषेत आली तरच अपघात होतो.

पण इथे गणित नीट समजून घ्यायला हवं. प्रत्येक थर शंभरात एकदा चुकत असेल तर दोन थर मिळून दहा हजारात एकदा, हे खरं कधी, तर दोघांच्या चुकीची कारणं वेगळी असतील तेव्हाच. दोन्ही एकाच वायरवर अवलंबून असतील तर तो आकडा परत शंभरात एकावर येतो.

२ जून २०२३ ला ओडिशात बहानगा बाजार स्टेशनवर हेच घडलं. पॉइंट, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारा सांधा, लूप लाइनकडे (स्टेशनातल्या बाजूच्या रुळाकडे) वळलेला आणि सिग्नल मात्र मेन लाइनसाठी हिरवा, कारण सर्किटच्या बदलात वायरिंग चुकलेलं. कोरोमंडल एक्सप्रेस लूपवर उभ्या मालगाडीवर आदळली, २९० च्या वर माणसं गेली. त्यानंतर "योग होता" म्हणणारेही भेटले आणि "कवच असतं तर वाचले असते" असं छातीठोक सांगणारेही (कवच म्हणजे गरज पडली तर गाडीला आपोआप ब्रेक लावणारी रेल्वेची सुरक्षा यंत्रणा). योगबिग काही नाही, वायर होती. आणि कवच उत्तमच आहे, पण सिग्नलची माहिती ते इंटरलॉकिंगकडूनच, म्हणजे पॉइंट आणि सिग्नल एकमेकांशी जुळवून ठेवणाऱ्या यंत्रणेकडूनच घेतं, तिथूनच चुकीची आली तर तेही तीच खरी मानणार!

अशा चुकीला अडवणारा थर माणसांचा असतो. कामाआधी स्टेशन मास्तरला डिस्कनेक्शन मेमो, म्हणजे यंत्रणा तात्पुरती तोडत असल्याची लेखी सूचना द्यायची, काम झाल्यावर प्रत्येक पॉइंट प्रत्यक्ष जिकडे आहे आणि पॅनेलवर जिकडे दिसतोय ते जुळवून बघायचं, मगच यंत्रणा परत जोडायची. कंटाळवाणं काम आहे, वरून गाड्या लेट होत असतात त्यामुळे घाई असतेच, आणि म्हणूनच यासाठी वेळ आणि माणसं राखून ठेवली पाहिजेत असं मला फार वाटतं. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली, खरगपूर विभागातच बांकडा नयाबाज स्टेशनवर १६ मे २०२२ ला चुकीच्या वायरिंगमुळे असाच प्रकार झाला होता. त्यानंतर वायरिंग सुधारायची पावलं उचलली असती तर बहानगा बाजारचा अपघात झाला नसता, असं त्या अहवालात स्पष्ट म्हटलंय.