कॅलपर्सच्या बोर्डावर आपला माणूस निवडायचा असतो : मत कोणाला देता येतं, उभं कोणाला राहता येतं, आणि कागद काय लागतात

कॅलिफोर्नियात सरकारी, काउंटी, सिटी किंवा शाळेच्या नोकरीत असलेले आपले मराठी लोक आता बरेच आहेत. कोणी सॅक्रामेंटोला स्टेटच्या आयटी डिपार्टमेंटमध्ये, कोणी कॅल स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवतंय, कोणी सांता क्लारा काउंटीत, आणि कितीतरी बायका मुलं मोठी झाल्यावर स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये पॅराएज्युकेटर (वर्गात टीचरच्या मदतनीस) किंवा ऑफिस असिस्टंट म्हणून लागल्यात. यातल्या बऱ्याच जणांच्या पगारातून दर महिन्याला कॅलपर्सचे, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सरकारी नोकरदारांच्या पेन्शन फंडाचे, पैसे कापले जातात. पण त्या फंडाच्या बोर्डावर आपण मत देऊन माणसं पाठवतो हे विचारलं तर दहातल्या एखाद्यालाच माहीत असतं. बॅलटचं पाकीट घरी येतं, क्रेडिट कार्डाच्या जाहिरातींबरोबर टेबलावर पडतं आणि रिसायकलमध्ये जातं. मला याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

आधी बोर्ड म्हणजे काय ते बघू. कॅलपर्स १९३२ पासून आहे, मेंबर वीस लाखांच्या वर आणि फंड ५०० अब्ज डॉलरच्या वर, अमेरिकेतला सगळ्यात मोठा पब्लिक पेन्शन फंड. तो चालवायला १३ जणांचं बोर्ड. त्यातले ६ मेंबरांनी निवडून दिलेले. ३ नेमलेले, म्हणजे दोन गव्हर्नर नेमतात आणि एक असेंब्लीचे स्पीकर आणि सिनेटची रूल्स कमिटी मिळून. उरलेले ४ पदामुळे येतात, त्यात स्टेट ट्रेझरर आणि स्टेट कंट्रोलर हे दोघं आले, शिवाय राज्याच्या एचआर खात्याचे डायरेक्टर आणि स्टेट पर्सोनेल बोर्डाचा एक माणूस. म्हणजे १३ पैकी जवळजवळ निम्म्या खुर्च्या आपल्या हातात आहेत. भारतात ईपीएफओच्या सेंट्रल बोर्डावर कामगारांचे प्रतिनिधी असतात खरे, पण ते सरकार नेमतं, तुम्हीआम्ही पीएफवाले त्यांना मत देत नाही. इथे देतो. हा फरक लहान नाहीये.

या ६ जागा अशा आहेत. दोन जागा सगळ्या मेंबरांच्या, नोकरीत असलेले आणि रिटायर झालेले सगळे त्यात मत देतात. मग एक जागा स्टेटच्या नोकरदारांची, एक शाळांच्या नोकरदारांची, एक पब्लिक एजन्सीवाल्यांची म्हणजे सिटी, काउंटी, स्पेशल डिस्ट्रिक्ट (पाणी, फायर अशा एखाद्याच कामाची सरकारी संस्था) वगैरे, आणि एक रिटायर्ड लोकांची. त्यामुळे तुम्ही कुठल्याही गटात असा, तुमचं मत एकूण तीन जागांना लागतं, दोन सर्वांच्या आणि एक तुमच्या गटाची. पण तिन्ही एकाच वर्षी येत नाहीत. मुदत चार वर्षांची असते, १६ जानेवारीपासून सुरू होते, आणि जागा वेगवेगळ्या वर्षी रिकाम्या होतात. सर्वांच्या दोन जागांची निवडणूक २०१७ ला झाली, मग २०२१ ला, मग २०२५ ला.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो मुद्दा, मी यात येतो का? इथे जरा नीट वाचा, कारण आपल्या लोकांमध्ये "मी सरकारी नोकरीत आहे म्हणजे कॅलपर्समध्येच" असं धरून चालतात आणि ते खरं नसतं. कॅल स्टेट युनिव्हर्सिटी कॅलपर्समध्ये आहे आणि स्टेटच्या गटात मोजली जाते. पण यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया), म्हणजे बर्कली, डेव्हिस, सॅन डिएगो वगैरे, त्यांचा पेन्शन प्लॅन स्वतःचा आहे, ते यात नाहीत. शाळेत तुम्ही टीचर असाल तर तुमचं पेन्शन कॅलस्टर्स या टीचर लोकांच्या वेगळ्या फंडात, आणि त्याच शाळेत तुम्ही पॅराएज्युकेटर, क्लार्क, कॅफेटेरिया, बस ड्रायव्हर अशा कामावर असाल तर बहुतेक कॅलपर्समध्ये. एकाच शाळेत, एकाच कॉरिडॉरमध्ये काम करणाऱ्या दोन मैत्रिणींचे फंड वेगळे असू शकतात. (कॅलस्टर्सच्या १२ जणांच्या बोर्डावर सुद्धा ३ जागा निवडून द्यायच्या असतात, टीचर असाल तर तिकडे बघा.) काउंट्यांचं पण तसंच. सांता क्लारा काउंटी कॅलपर्समध्ये आहे, पण अलामेडा, काँट्रा कोस्टा, सॅन मटेओ, सॅक्रामेंटो, लॉस एंजेलिस या काउंट्यांचे रिटायरमेंट फंड स्वतःचे आहेत. सॅन फ्रान्सिस्को आणि सॅन होजे या शहरांचेही स्वतःचे. फ्रीमाँट, सनीवेल, क्युपर्टिनो ही शहरं आणि बार्ट रेल्वे मात्र कॅलपर्समध्ये. अंदाज करत बसू नका, पे-स्टबवर कपातीच्या रकान्यात नाव काय आहे ते बघा, नाहीतर एचआरला सरळ विचारा.

मत द्यायला वेगळं रजिस्ट्रेशन करायचं नसतं. नोव्हेंबरच्या सरकारी निवडणुकीशी याचा काही संबंध नाही, यादी काउंटीच्या व्होटर लिस्टवरून नाही तर कॅलपर्सच्या मेंबरशिपवरून बनते. त्या वर्षी तुमच्या गटाची किंवा सर्वांची जागा असेल तर बॅलट आपोआप घरच्या पत्त्यावर येतं. म्हणून सगळी भिस्त पत्त्यावर. आणि पत्ता बदलताना एक अडचण आहे. तुम्ही नोकरीत असाल तर पत्ता तुमचा एम्प्लॉयर कॅलपर्सला कळवतो, म्हणजे घर बदललं की एचआर किंवा पर्सोनेल ऑफिसला लेखी कळवायचं. रिटायर झाला असाल तर मायकॅलपर्स या त्यांच्या ऑनलाइन अकाउंटमध्ये स्वतः बदलायचा. बे एरियात भाड्याचं घर दर दोन-तीन वर्षांनी बदलतं, आपण पोस्ट ऑफिसला फॉरवर्डिंग लावतो, बँकेला कळवतो, डीएमव्हीला कळवतो, आणि ऑफिसच्या रेकॉर्डला जुनाच पत्ता राहतो कारण पगार तर थेट खात्यात येतोय, कोण बघतंय. उन्हाळा सुरू व्हायच्या आधी एकदा बघून घ्या.

बॅलट साधारण ऑगस्टच्या शेवटी पाठवतात आणि मुदत सप्टेंबरच्या शेवटी नाहीतर ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपते, म्हणजे हातात जेमतेम महिना. पाकिटात बॅलट असतं, उमेदवारांनी स्वतःबद्दल लिहिलेली निवेदनं असतात, आणि परत पाठवायचं पाकीट असतं ज्याला स्टँप लावावा लागत नाही. तीन पद्धतींनी मत देता येतं, पोस्टाने, ऑनलाइन किंवा फोनवर. ऑनलाइन आणि फोनची सोय २०१७ च्या निवडणुकीपासून आली, त्यासाठी पिन बॅलटबरोबर येतो, म्हणून पाकीट फेकलं की पिन पण गेला. पोस्टाने देणार असाल तर सही विसरू नका आणि शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. कोणाचं बॅलट आलंच नाही, शेजाऱ्याचं आलं आणि आपलं नाही, तर गप्प बसू नका, मुदतीच्या आत फोन करून दुसरं मागवता येतं.

जिंकायला निम्म्याहून जास्त मतं लागतात. तीन-चार उमेदवार असले आणि कोणालाच तेवढी पडली नाहीत तर पहिल्या दोघांत रनऑफ होतो आणि दुसरं बॅलट येतं. ते बघून "मी तर दिलं होतं" म्हणून बाजूला टाकू नका, दुसरं मत वेगळं द्यावं लागतं.

एवढी खटपट कशासाठी, तर याचं उत्तर तुमच्या पगाराच्या चिठ्ठीत आहे. बोर्ड ठरवतं की फंडाच्या गुंतवणुकीवर किती परतावा मिळेल असं धरायचं. हा आकडा खाली आला की आजच जास्त पैसे भरावे लागतात. डिसेंबर २०१६ मध्ये बोर्डाने तो ७.५ टक्क्यांवरून तीन वर्षांत ७ वर आणायचं ठरवलं, आणि २०२१ मध्ये तो ६.८ वर आला, कारण त्या वर्षी फंडाला २१.३ टक्के परतावा मिळाला आणि चांगलं वर्ष गेलं की आकडा थोडा खाली आणायचा असा नियम बोर्डानेच आधी करून ठेवला होता. जे १ जानेवारी २०१३ नंतर पहिल्यांदा या सिस्टीममध्ये आले, म्हणजे आपल्यातले बरेचसे, त्यांच्या पेन्शनचा जो नेहमीचा वार्षिक खर्च येतो त्यातला साधारण निम्मा त्यांच्या स्वतःच्या पगारातून जातो, त्यामुळे आकडा हलला की तुमची कपात वाढू शकते. सिटीला जास्त भरावं लागलं तर तिचं बजेट आवळतं, भरती थांबते. तो आकडा खाली आणणं चूक होतं असं मी म्हणत नाहीये, उलट खोटी आशा धरून बसण्यापेक्षा ते बरं. पण हा निर्णय कोण घेतंय ते आपल्याला माहीत असायला हवं. हेल्थ प्लॅनचे प्रीमियम दर वर्षी मंजूर करतं ते पण हेच बोर्ड.

आणि एका मताने काय होतं असं वाटत असेल तर २०१८ बघा. पब्लिक एजन्सीच्या जागेवर प्रिया माथुर होत्या, बार्टमध्ये नोकरी, २००३ पासून बोर्डावर, आणि त्या वर्षी तर बोर्डाच्या प्रेसिडेंट. त्यांना कोरोना शहरातल्या जेसन पेरेझ या पोलिसाने हरवलं. त्याचा प्रचार असा होता की फंडाने सामाजिक आणि पर्यावरणाच्या मुद्द्यांपेक्षा परताव्याकडे बघावं. त्याचं म्हणणं पटो न पटो, बसलेला प्रेसिडेंट मेंबर लोक बदलू शकतात एवढं त्यातून दिसलं. मतदान कमी होतं तेव्हा तर थोडी संघटित माणसं सुद्धा निकाल फिरवतात, सोसायटीच्या कमिटीच्या निवडणुकीत आपण हे पाहिलेलंच आहे.

आता उभं राहायचं असेल तर. पहिली अट, ज्या जागेला उभं राहताय त्या गटाचे तुम्ही स्वतः मेंबर पाहिजे. शाळेच्या जागेला शाळेतला, रिटायर्डच्या जागेला रिटायर्ड. सर्वांच्या जागांना कुठल्याही गटातला चालतो. दुसरी, नॉमिनेशन पिटिशनवर (उमेदवारीच्या अर्जावर) किमान २५० सह्या, आणि सह्या करणारे त्या जागेला मत द्यायला पात्र असलेलेच पाहिजेत. इथेच लोक अडकतात. मराठी मंडळाच्या गणपतीत उभं राहून २५० सह्या एका संध्याकाळी मिळतील, पण त्यातले गूगलवाले, यूसीवाले, अलामेडा काउंटीवाले सगळे बाद. म्हणून सही घेताना आधी फंड विचारायचा, मग गट विचारायचा, मग पेन द्यायचं. आणि बरोबर २५० वर थांबायचं नाही, तपासणीत काही गळतातच, चांगल्या शे-दीडशे जास्त ठेवा. निवडणुकीची नोटीस मतदानाच्या कित्येक महिने आधी निघते, पिटिशनचा फॉर्म आणि शेवटची तारीख त्या नोटिशीतच असते, तेव्हा त्या वर्षी वसंतापासूनच कॅलपर्सच्या साइटवर बोर्ड इलेक्शनचं पान बघत राहा. फॉर्म त्यांचाच वापरायचा, स्वतः टाइप केलेल्या कागदावर सह्या घेऊ नका.

पिटिशनबरोबर उमेदवाराचं निवेदन द्यायचं असतं, जे मग सगळ्या मतदारांच्या पाकिटात जातं. माझं मत विचाराल तर सगळ्या प्रचारात हाच सगळ्यात मोलाचा कागद, कारण लाखो लोकांना तुम्ही दारोदार भेटणार नाही आहात. त्यात शब्दमर्यादा पाळा आणि खरं तेवढंच लिहा. प्रचाराला पैसे गोळा करणार किंवा खर्च करणार असाल तर राज्याच्या पोलिटिकल रिफॉर्म ॲक्टखाली हिशेबाचे फॉर्म भरावे लागतात, मित्रांकडून घेतलेला चेक पण त्यात धरला जातो. स्वतःच्या गुंतवणुकी आणि उत्पन्न जाहीर करायचा फॉर्म ७०० वेगळा. हे फॉर्म उशिरा भरले तर दंड होतो आणि नाव पेपरात येतं, तेव्हा घरात कोणी अकाउंट्सवालं असेल तर पहिल्या दिवसापासून त्यांना बरोबर घ्या. निवडून आल्यावर नोकरी सोडावी लागत नाही, बोर्डाच्या कामासाठी वेळ मिळतो.

एवढे फॉर्म कशाला असा राग येऊ शकतो. पण याच फंडाचे एके काळचे सीईओ फेडेरिको ब्युएनरोस्ट्रो यांना लाच घेतल्याबद्दल २०१६ मध्ये साडेचार वर्षांची शिक्षा झाली, आणि लाच देणारा म्हणून ज्याच्यावर आरोप झाले तो अल्फ्रेड व्हियालोबोस पूर्वी याच बोर्डावर बसलेला होता. त्या आधी १९९१ मध्ये गव्हर्नर पीट विल्सन यांच्या काळात राज्याच्या बजेटचं भगदाड बुजवायला पेन्शन फंडातला राखीव पैसा वापरला गेला, त्यावर लोक इतके चिडले की १९९२ मध्ये प्रपोझिशन १६२ हा थेट मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव मंजूर झाला आणि फंड चालवायचा पूर्ण अधिकार राज्यघटनेतच बोर्डाला दिला गेला. मेंबरांनी निवडलेल्या जागा असलेल्या बोर्डाची रचना विधिमंडळाला आता मतदारांना विचारल्याशिवाय बदलता येत नाही. म्हणजे आपल्या या ६ खुर्च्या कोणी गुपचूप कमी करू शकत नाही, पण त्यावर कोण बसतं हे बघायचं काम आपलंच राहतं.

उभं राहायचं नसेल, नुसतं मत द्यायचं असेल तरी उमेदवार कसा पारखायचा हा प्रश्न उरतो. निवेदनात सगळेच "पेन्शन वाचवू" म्हणतात. जो आधीच बोर्डावर आहे त्याने कोणत्या ठरावाला कुठलं मत दिलं ते बघा, बोर्डाच्या मीटिंग सॅक्रामेंटोला लिंकन प्लाझात उघड होतात, ऑनलाइन दिसतात, रेकॉर्डिंग असतं. नवीन असेल तर त्याला कुठल्या युनियनचा पाठिंबा आहे आणि पैसा कुठून आलाय ते बघा, हिशेब जाहीर असतात. आणि मीटिंगमध्ये पब्लिक कमेंटला कोणीही बोलू शकतं, साधारण तीन मिनिटं मिळतात, त्यासाठी कुठलाही कागद लागत नाही.