सोंगाड्याच्या खांद्यावरचा सिनेमा

पंचवटीतल्या आमच्या घरी रविवारी दुपारी टीव्हीवर लक्ष्मीकांत बेर्डेचा एखादा सिनेमा हमखास लागतो. घरमालकाला मारलेली थाप, बदललेला वेश, शेवटी फुटणारं बिंग. गोष्टीत नवं काही नसतं. पण लक्ष्या दारातून डोकावून थबकला आणि डोळे फिरवून आवंढा गिळला, की आईचा भाजी निवडणारा हात थांबतो. कच्च्या गोष्टीला एकट्याने तारून नेणाऱ्या नटाची ही जात मुळात तमाशातली आहे.

तमाशातल्या नाट्याची, म्हणजे वगाची, संहिता पुष्कळदा कागदावर नसायचीच. राजा, प्रधान, हवालदार ठरलेले. बोलणं उभ्या उभ्या रचायचं. फडाची, म्हणजे तमाशाच्या मंडळाची, सगळी भिस्त हजरजबाबी विनोदी नटावर, सोंगाड्यावर. वडील सांगतात, चैत्रात आपल्या जिल्ह्यातल्या यात्रेत फड आला की पहिली चौकशी वगाची नाही, सोंगाड्याची व्हायची.

फाळके १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ करून नाशकात आले, पण त्यांचा पडदा मुख्यतः पुराणकथांचा. मास्टर विनायकांच्या ‘ब्रह्मचारी’मध्ये (१९३८) विनोद होता, तो अत्र्यांच्या लेखणीतून आलेला. सोंगाड्याच्या हाती पडदा खऱ्या अर्थाने दिला दादा कोंडके यांनी. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मधला त्यांचा हवालदार आधी रंगमंचावर गाजला, १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ चित्रपट आला. लोंबती नाडी, भोळा चेहरा, आणि विनोद झाल्यावर घेतलेला तो विराम. समोरचा हशा ओसरायची वाट पाहावी, तसे दादा कॅमेऱ्यापुढेही थांबत. पुढच्या कथा त्याच साच्यातल्या, काही अगदी सुमार. तरी त्यांच्या सलग नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवांची नोंद गिनीज बुकात झाली.

लक्ष्याही रंगमंचावरूनच आला. १९८३ चं ‘टूरटूर’ नाटक, मग १९८५ चा ‘धुमधडाका’. त्यानंतर निर्मात्यांनी त्याला अक्षरशः राबवून घेतलं, असं मला वाटतं. लक्ष्या आहे ना, मग पटकथेवर कशाला घाम गाळायचा!

१९९२ मध्ये जब्बार पटेलांनी ‘एक होता विदूषक’ केला, पटकथा पु. ल. देशपांडे यांची. तमाशातून सिनेमात गेलेला सोंगाड्या लक्ष्याने त्यात जीव ओतून उभा केला. तिकीटबारीवर मात्र हा सिनेमा चालला नाही.