हिमस्तर-परीक्षण

डोंगरउतारावर हिवाळाभर साचत गेलेल्या बर्फात खड्डा खणून, त्यातील थरांची बळकटी व परस्परांतील पकड तपासून हिमस्खलनाचा संभव अजमावण्याची पद्धत. राखलेल्या स्की-उतारांबाहेर भ्रमंती करणारे स्कीपटू व गिर्यारोहक ती वापरतात.

तिचा शास्त्रीय पाया मुख्यतः स्वित्झर्लंडमध्ये, दाव्होसजवळील वाइसफ्लूयोख येथील प्रयोगशाळेत (१९३६) घातला गेला. बर्फाचा मोठा ठोकळा सुटा करून त्यावर स्कीसह उभे राहून व उड्या मारून भार वाढवत नेण्याची चाचणी स्विस लष्करात सु. १९६० नंतर रुजली, असे सामान्यतः मानतात.

खड्डा नियोजित उताराच्याच दिशेच्या, पण सुरक्षित जागी घेतात. उघड्या पडलेल्या भिंतीत मूठ, चार बोटे, एक बोट, पेन्सिल व चाकू यांपैकी प्रथम काय सहज शिरते, त्यावरून प्रत्येक थराचा कठीणपणा ठरतो. थरांतील तापमानात मीटरमागे सु. १० अंश से.हून अधिक फरक टिकून राहिला, तर बर्फकण साखरेसारखे सुटे होतात आणि त्यावरील घट्ट थराचा आधार कच्चा राहतो. त्यानंतर ९० सेंमी. रुंद व ३० सेंमी. खोल स्तंभ मोकळा करतात, त्याच्या एका टोकाला फावड्याचे पाते ठेवतात आणि मनगटातून, कोपरातून व खांद्यातून प्रत्येकी दहा थापा देतात. तडा कितव्या थापेला पडला यापेक्षा तो लगेच दुसऱ्या टोकापर्यंत धावला का, हे अधिक बोलके ठरते.

तडा कसा पसरतो याविषयी मतभेद आहेत. वरचा थर घसरून कमकुवत थर कातरला जातो, हे १९७० च्या दशकापासूनचे प्रस्थापित मत होय. परंतु सपाटीवर पाऊल पडताच ‘धप्प’ आवाज होऊन दूरचा उतार सुटतो, याचा उलगडा त्याने नीट होत नाही. कमकुवत थर आधी खाली दबतो, असे २००८ मध्ये मांडलेले उपपादन येथे अधिक समर्पक वाटते; मात्र तीव्र उतारावर तडा पुढे कातर-स्वरूपाचा होतो, असे अलीकडील संशोधन सुचविते.

एकाच उतारावर थरांची जाडी व पकड बदलत असल्याने एका खड्ड्याचा निर्वाळा पुरेसा नसतो. त्यामुळे युरोपात १९९३ पासून प्रचलित असलेल्या पाच पायऱ्यांच्या धोकाश्रेणीवर आधारित दैनिक वार्तापत्र आणि उताराचा कोन (बहुतेक थरस्खलने, म्हणजे सबंध थर एकसंध सुटून होणारी हिमस्खलने, ३०° ते ४५° उतारावर होतात) यांना अग्रक्रम देतात. भारतात या विषयाचे संशोधन मनाली येथे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या संरक्षण खात्याच्या हिमसंस्थेने हाती घेतले. २०२० मध्ये ती दुसऱ्या एका प्रयोगशाळेत विलीन होऊन नवी संस्था झाली.