व्यवसायोपचार आणि व्यवसाय प्रशिक्षण : जखमी सैनिकाच्या हातातला एकच रंधा

महाराष्ट्रात व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे हातांना काम देऊन शरीर सुधारण्याचा उपचार) आणि भौतिकोपचार (फिजिओथेरपी) यांची एक राज्य परिषद आहे, आणि आयटीआयचा कारभार पाहणारे व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयही आहे. दोन्ही नावांत 'व्यवसाय' आहे, पण दोघांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. हा शब्द सामाईक असल्यामुळे गैरसमज मात्र कायमचा होऊन बसला आहे. पक्षाघातानंतर वडिलांना मणी ओवायला किंवा दोरीवर कपड्यांचे चिमटे लावायला सांगितले की घरचे विचारतात, "आता या वयात यांना कसला धंदा शिकवताय?" उलट, अपघातात पाय गमावलेला मुलगा शिवणकामाच्या वर्गाला जाऊ लागला की त्याच्यावर उपचार चालूच आहेत, अशी समजूत करून घेतली जाते. या दोन गोष्टींतला फरक नीट कळायचा असेल तर जिथे त्या शेजारी शेजारी वाढल्या तिथे, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांच्या इस्पितळांत आणि शाळांत जावे लागते.

आधी शब्दाविषयी. इंग्रजीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. ऑक्युपेशन म्हणजे माणसाचे हात आणि मन गुंतवून ठेवणारी कोणतीही कृती. त्यात दाढी करणे, सदऱ्याची बटणे लावणे, बागेला पाणी घालणे हे सगळे येते. व्होकेशन म्हणजे पोटापाण्याचा धंदा. मराठीत दोन्हींसाठी 'व्यवसाय' आला आणि बोलण्यात त्याचा धंदा हाच अर्थ उरला. संस्कृतात हा शब्द मुळात निश्चय आणि उद्यम या अर्थाचा आहे. गीतेतली 'व्यवसायात्मिका बुद्धि' दुकानदाराची नव्हे, एका ठिकाणी ठरलेली बुद्धी आहे. व्यवसायोपचारातला व्यवसाय या जुन्या अर्थाच्या जवळचा आहे, आणि हे ध्यानात ठेवले तर अर्धा गोंधळ तिथेच संपतो.

आता १९१६ साली लंडनमध्ये शेफर्ड्स बुश येथे सुरू झालेल्या लष्करी अस्थिरोग इस्पितळाकडे पाहू. शल्यविशारद रॉबर्ट जोन्स यांच्या प्रेरणेने आणि देशोधडीला लागलेले पोर्तुगालचे राजे दुसरे मॅन्युएल यांच्या मदतीने तिथे कार्यशाळा उभ्या राहिल्या. सुतारकाम, लोहारकाम, शिवणकाम चाले, आणि रुग्णांनी तयार केलेल्या वस्तूंपैकी हाड जागेवर धरून ठेवणाऱ्या पट्ट्या त्याच इस्पितळात वापरल्या जात. बाहेरून पाहणाऱ्याला हा कारखानाच वाटला असता. पण ज्याचा खांदा गोळी लागून आखडला आहे अशा सैनिकाच्या हाती रंधा दिला जाई, तो तिथे खिडक्या-दारे हवी होती म्हणून नव्हे. रंधा पुढे ढकलताना खांदा उघडतो, मागे ओढताना मिटतो; फळी जितकी लांब तितकी हाताला पुढे जाण्याची सक्ती. नुसता व्यायाम करायला लावले तर माणूस दुखऱ्या खांद्याकडे लक्ष ठेवून वेदनेच्या अलीकडेच थांबतो; फळी गुळगुळीत करायची असली की लक्ष फळीकडे जाते आणि हात दोन बोटे पुढे सरकतो. आखडलेल्या घोट्यासाठी पायाने चालवायची करवत असे, मुठीची पकड गेलेल्यासाठी जाड दांड्याचे हत्यार, आणि पकड सुधारत गेली की दांडा बारीक करायचा. हत्यार एका परीने औषधच होते, आणि त्याची मात्रा सांध्याकडे पाहून ठरत असे.

अमेरिकेत वॉल्टर रीड इस्पितळात मानसशास्त्रज्ञ बर्ड बाल्डविन यांनी १९१८ पासून हे काम मोजमापावर आणले. कोणत्या कामात कोणता सांधा किती हलतो हे पाहायचे, रुग्णाचा सांधा किती अंशांत वळतो हे उपकरणाने नोंदवायचे, काम द्यायचे आणि काही दिवसांनी पुन्हा मोजायचे. त्या नोंदीत तयार झालेल्या खुर्चीला जागा नव्हती. मला या साऱ्या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण 'रुग्णाला काहीतरी उद्योग देऊन रमवणे' आणि 'उद्योगातून बरे करणे' यांच्यामधली रेषा इथे स्पष्ट दिसते.

व्यवसायोपचार हे नावही याच सुमाराचे आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी मार्च १९१७ मध्ये, म्हणजे अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वी अवघे तीन आठवडे आधी, मूठभर माणसे जमली आणि व्यवसायोपचाराचा प्रसार करणारी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. ज्यांच्या घरी ही बैठक झाली ते जॉर्ज बार्टन वास्तुविशारद होते आणि स्वतः क्षयाने व अर्धांगाने आजारी होते. बैठकीला आलेले टॉमस किडनर हे कॅनडाच्या लष्करी इस्पितळ आयोगाचे व्यवसाय प्रशिक्षणाचे काम पाहत होते. म्हणजे ज्या माणसाचा हुद्दा प्रशिक्षणाचा होता, तो उपचाराच्या संस्थेच्या स्थापनेला हजर होता. दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळल्या त्या अशा माणसांमुळे, आणि त्यांना वेगळे करण्याची गरजही पुढे अशाच माणसांना जाणवली.

व्यवसाय प्रशिक्षणाची सुरुवात तर याच्याही आधी, फ्रान्समध्ये झालेली आहे. युद्ध सुरू होऊन जेमतेम चार-पाच महिने झाले होते तेव्हा, डिसेंबर १९१४ मध्ये, लियोंचे महापौर एदुआर हेरियो यांनी हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी शाळा काढली आणि तिला सेनापती जोफ्र यांचे नाव दिले. तिथे हिशेबनिशी, चपला-बूट शिवणे, पुस्तकबांधणी, खेळणी बनवणे असे धंदे शिकवले जात. बागकामासाठी लवकरच दुसरी शाळाही निघाली. इथेही कुणाच्या हातात आरी होती, कुणाच्या हातात रंधा होता. पण शिक्षक पाहत होता तो बुटांच्या जोडाकडे, मनगटाकडे नव्हे. टाका सरळ आला का, एका दिवसात किती जोड उतरले, बाजारात त्याला गिऱ्हाईक आहे का, हेच प्रश्न तिथे महत्त्वाचे. विद्यार्थ्याचा हात आहे तसा धरून चालायचे; तो सुधारण्याचे काम दुसरीकडे झाले आहे किंवा आता होणार नाही, असे मानायचे आणि हत्यार, बैठक, नाहीतर धंदाच त्या हाताला जुळवून घ्यायचा.

पात्रता ठरवण्याची रीतही दोन्हीकडे वेगळी होती, आणि फरक दाखवायला याहून सोपे उदाहरण नाही. समजा, एकाच गोळ्याने दोघांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. एक युद्धापूर्वी पेढीवर हिशेब लिहीत होता, दुसरा कोळशाच्या खाणीत उतरत होता. उपचारक दोघांनाही सारखेच घेईल, कारण दोघांनाही तोल सांभाळायला, कृत्रिम पायावर उभे राहायला, जिना चढायला शिकायचे आहे. प्रशिक्षणाच्या दारात मात्र दोघांची वाट फुटते. कॅनडाचा नियमच असा होता की अपंगत्वामुळे ज्याला पूर्वीचा धंदा करता येत नाही त्यालाच नवा धंदा शिकवायचा. त्यामुळे हिशेबनिसाने आपल्या टेबलाशी परत जायचे आणि खाणकामगाराला शाळेत घालायचे. तीच जखम दुसऱ्या जागी असती, म्हणजे उजव्या हाताची दोन बोटे गेली असती, तर कदाचित खाणकामगार परत गेला असता आणि छापखान्यातला खिळे जुळवणारा शाळेत आला असता. उपचार शरीर पाहून दिला जातो. प्रशिक्षण शरीर आणि माणसाचे पूर्वायुष्य दोन्ही पाहून.

यावरून सत्तेचे वादही झाले. अमेरिकेत लष्कराच्या वैद्यकीय खात्याला दोन्ही कामे आपल्याकडे हवी होती, पण २७ जून १९१८ च्या कायद्याने सेवामुक्तीनंतरचे प्रशिक्षण व्यवसाय शिक्षणाच्या संघीय मंडळाकडे दिले. म्हणजे गणवेश अंगावर आहे तोवर उपचार, आणि उतरला की प्रशिक्षण. कागदावर ही वाटणी सोयीची होती. ज्याचा हात अजून सुधारत होता आणि ज्याला धंदाही शिकायचा होता अशा माणसाला मात्र ती मधोमध कापत होती. पुढे १९२१ मध्ये हे काम माजी सैनिकांच्या नव्या खात्याकडे गेले. सुमारे १ लाख ८० हजार सैनिक या योजनेत शिकायला आले, पण सगळ्यांनी शिक्षण पूर्ण केले नाही.

दोहोंची गल्लत झाली की नुकसान कुणाचे होते, हे टोपलीच्या उदाहरणावरून कळते. वेत भिजवून टोपली विणणे हा खाटेवरच्या माणसासाठी उत्तम उपचार आहे: सामान हलके, आवाज नाही, बोटांना सर्व बाजूंनी काम, आणि संध्याकाळी हाती काहीतरी पूर्ण झालेले. पण खाटेवर टोपली चांगली जमली म्हणून त्यालाच चरितार्थ म्हणून देणे म्हणजे त्याला कायमच्या गरिबीत ढकलणे होते, कारण टोपलीला यंत्राच्या मालाशी सामना करायचा होता. धंदा म्हणूनच शिकवायची असेल तर ती वेगळ्या तयारीने शिकवावी लागते. आर्थर पिअर्सन यांनी १९१५ मध्ये लंडनला अंध झालेल्या सैनिकांसाठी सेंट डन्स्टन्स ही संस्था सुरू केली. तिथे टोपल्या होत्याच, पण टंकलेखन, कोंबडीपालन आणि मालिशही शिकवले जाई. यातले मालिश मला फार अर्थपूर्ण वाटते. कालचा रुग्ण तिथे दुसऱ्या रुग्णाच्या आखडलेल्या सांध्यावर हात ठेवायला शिकत होता आणि त्या कामाचे पैसे मिळवत होता.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने दोन टप्प्यांमधली पोकळी ओळखली. १९४३ मध्ये एगम येथे असे केंद्र निघाले की जिथे इस्पितळातून सुटलेला पण पूर्ण दिवसाच्या कामाला अजून न टिकणारा माणूस हळूहळू कामाच्या सवयीवर येई. १९४४ च्या कायद्याने वीस किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांवर तीन टक्के नोंदणीकृत अपंग कामगार घेण्याचे बंधन आले. त्याच वर्षी लुडविग गुटमन यांनी स्टोक मँडेव्हिल येथे पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांसाठी कक्ष उघडला; तिथे खेळ हाही उपचारच मानला गेला आणि पुढे त्यातून पॅरालिंपिक स्पर्धांचा उगम झाला.

आपल्याकडे या दोन वाटा वेगवेगळ्या काळात आल्या. १९१७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर विलिंग्डन यांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनी अपंग भारतीय सैनिकांसाठी क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू केले. ते काही वर्षांनी पुण्याजवळ खडकीला आले आणि आजही तिथे अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देते. पुण्यातलेच १९४४ चे कृत्रिम अवयव केंद्र वेगळे. त्याचे काम अवयव तयार करून बसवण्याचे आणि माणसाला तो वापरायला शिकवण्याचे. पुण्यातल्या लोकांच्या बोलण्यातसुद्धा या दोन संस्थांची अदलाबदल होते. व्यवसायोपचारक घडवणारी आशियातली पहिली शाळा मात्र १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात निघाली. ती उभी करणाऱ्या कमला निंबकर जन्माने अमेरिकन होत्या आणि त्यांनी हे शिक्षण फिलाडेल्फियात घेतले होते. फलटणचे कृषिसंशोधक बनबिहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव.

खडकीची संस्था आणि केईएमची शाळा यांच्यामध्ये तेहेतीस वर्षांचे अंतर आहे. शाळा निघाली तेव्हा तिच्या विषयाला मराठी नाव हवे होते आणि 'व्यवसाय' हा शब्द धंद्याच्या अर्थाने आधीच लोकांच्या तोंडी रुळला होता. म्हणून आजही व्यवसायोपचारक रुग्णाच्या हातात मण्यांची वाटी ठेवतो तेव्हा, पहिला मणी ओवला जाण्याआधी, त्याला नातेवाइकांना सांगावे लागते की ही माळ विकायची नाही. आम्हाला अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकलेली पाहायची आहेत.