कोड: जैविक कारणांचा शोध

कोड म्हणजे त्वचेतल्या रंगपेशी नाहीशा होऊन उमटणारे दुधासारखे पांढरे डाग. जगभरात साधारण ०.५ ते २ टक्के लोकांना कोड असते. ‘श्वेतकुष्ठ’ हा शब्द सोडून द्यायला हवा. कुष्ठरोग जंतूमुळे होतो आणि त्याच्या चट्ट्यावर बधिरपणा येतो. कोडाच्या डागाला स्पर्श, टोचणी, गरम-थंड सगळे कळते, आणि कोड संसर्गाने पसरत नाही. मासे खाऊन वर दूध प्यायल्यानेही ते होत नाही.

कारणाचा शोध डागाच्या कडेला घ्यावा लागतो. जुन्या डागाच्या मध्यात रंगपेशी उरलेल्याच नसतात, त्यामुळे तिथला तुकडा जवळजवळ काहीच सांगत नाही. वाढत्या डागाची कड ३६५ नॅनोमीटरच्या वुड्स दिव्याखाली (अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली) अंधाऱ्या खोलीत आखून घेतात आणि तिथून ३-४ मिलिमीटरचा पंच, म्हणजे त्वचेचा गोल तुकडा, घेतात. जोडीला त्याच रुग्णाच्या निरोगी दिसणाऱ्या त्वचेचा नमुना हवाच. रंजनासाठीचा, म्हणजे रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, तुकडा फॉर्मॅलिनमध्ये जातो; आरएनए (कोणती जनुके कामात आहेत ते सांगणारा रेणू) तपासायचा असेल तर मात्र तो लगेच द्रव नायट्रोजनमध्ये किंवा आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात ठेवावा लागतो. मुंबईत शीवच्या रुग्णालयातून परळच्या प्रयोगशाळेपर्यंत नमुना असा न जपता नेला आणि ट्रॅफिकमध्ये अडकला, तर हाती येतो तो कुजलेला आरएनए. दुसरी नेहमीची चूक म्हणजे रुग्ण आधीच स्टेरॉइडचे मलम लावत असतो आणि ते कुणी विचारत नाही. मग दाह दबलेला दिसतो. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे येणारे सेगमेंटल कोडही वेगळे मोजावे लागते. २०११-१२च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने ते वेगळे काढले आहे.

कडेला दिसते ते असे. ताणाखालच्या रंगपेशीत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे रेणू साचतात आणि ती धोक्याचे संकेत देते. सीडी८ टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या मारक पेशी) येऊन तिला मारतात व इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशवाहक प्रथिन सोडतात. त्याने भोवतालच्या केराटिनोसाइट पेशी (त्वचेच्या वरच्या थराच्या मुख्य पेशी) सीएक्ससीएल-९ आणि सीएक्ससीएल-१० हे संकेत-रेणू बनवतात, म्हणजे आणखी टी-पेशींना आवतण. हे चक्र पेशीच्या आत संदेश पोचवणाऱ्या जॅक विकरांवर चालते. म्हणूनच २०२२मध्ये अमेरिकेत १२ वर्षांवरील रुग्णांसाठी जॅक विकरांना रोखणाऱ्या रुक्सोलिटिनिबच्या मलमाला मान्यता मिळाली. उपचार थांबल्यावर डाग बहुधा जुन्याच जागी परततो, कारण आधीचा हल्ला लक्षात ठेवणाऱ्या स्मरण टी-पेशी तिथेच ठाण मांडून असतात.

आनुवंशिकता आहे, पण ती एकटी पुरत नाही: एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला कोड असल्यास दुसऱ्याला ते साधारण २३ टक्केच वेळा आढळले. जनुकांच्या यादीत प्रतिकारशक्तीशी संबंधित एचएलए, एनएलआरपी१, पीटीपीएन२२ आणि रंगद्रव्याचे टीवायआर येतात. थायरॉइडचे स्वयंप्रतिकार आजार सोबत आढळतात, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी करणे शहाणपणाचे.

उरलेला वाटा बाहेरचा. १९३९मध्ये अमेरिकेत चामडे कमावणाऱ्या कामगारांच्या हातांवर रबरी हातमोज्यांतल्या मोनोबेन्झोनमुळे पांढरे डाग आढळल्याची नोंद झाली. २०१३मध्ये जपानमध्ये रोडोडेंड्रॉल असलेली गोरेपणाची प्रसाधने परत मागवावी लागली. आपल्याकडे टिकलीच्या गोंदातले पॅरा-टर्शरी-ब्युटाइल-फिनॉल हेच करते: कपाळावर नेमका टिकलीएवढा गोल पांढरा डाग उमटतो. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली तोच प्रकार होतो. ही फिनॉल रसायने टायरोसीनशी, म्हणजे रंगपेशी ज्यापासून रंगद्रव्य बनवते त्या रेणूशी, मिळतीजुळती असल्याने घाव नेमका रंगपेशीवरच बसतो. परकराच्या घट्ट नाडीचे काचणेही कमरेवर डाग आणू शकते. त्याला कोबनर परिणाम म्हणतात. म्हणून रुग्णाला टिकली, चपला, हातमोजे आणि केसांचा रंग यांबद्दल एकेक करून विचारावे, आणि डागातले केस पांढरे झालेत का तेही पाहावे. काळ्या केसांच्या मुळाशी रंगपेशींचा साठा शिल्लक असतो, आणि रंग परततो तो मुख्यतः तिथूनच, ठिपक्या-ठिपक्यांनी.