छापखान्यातलं ओलं फडकं

ऑफसेट छापखाना हवा कुठून बिघडवतो हे शोधायचं असेल, तर छपराकडे बघू नका. मशीनशेजारी पडलेल्या ओल्या फडक्याकडे बघा. रोलर आणि ब्लँकेट, म्हणजे प्लेटवरची शाई कागदावर उतरवणारं रबरी आवरण, पुसायला जो द्राव लागतो तो झटपट उडतो, आणि उडतो म्हणूनच तो कामाचा.

शाईवर उगाच आळ येतो. सुट्या कागदांवर छापणाऱ्या मशीनची शाई बहुतेक कागदातच मुरते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने हिशेबासाठी धरलेला आकडा असा, की तिच्यातल्या बाष्पनशील, म्हणजे सहज वाफ होणाऱ्या द्रव्यांपैकी ९५ टक्के कागदातच राहतात. रिळावर छापून गरम भट्टीत वाळवायच्या शाईचं गणित मात्र उलटं आहे: २० टक्के कागदात, ८० टक्के धुरांड्यातून बाहेर. म्हणून अशा भट्टीला वाफा जाळणारी यंत्रणा जोडावी लागते. युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशानुसार वर्षाला १५ टनांहून जास्त द्रावक वापरणारे असे कारखाने नियमांच्या कक्षेत येतात.

या वाफांना एवढं का घाबरायचं? ऊन आणि वाहनांच्या धुरातली नायट्रोजन ऑक्साइड्स भेटली की त्यांच्यापासून जमिनीलगत ओझोन तयार होतो. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचं हे कोडं रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या सुमारास उलगडलं.

नियमांमागचं भौतिकशास्त्र मला विशेष आवडतं. अमेरिकेतल्या २००६ च्या शिफारशी सांगतात की पुसायच्या द्रावाचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन उडण्याचा जोर, २० अंश सेल्सियसला पाऱ्याच्या १० मिलिमीटरपेक्षा कमी हवा, नाहीतर त्यातला बाष्पनशील भाग ७० टक्क्यांखाली. सुट्या कागदांच्या मशीनवर प्लेट ओली ठेवणाऱ्या पाण्यात, म्हणजे फाउंटन सोल्युशनमध्ये, अल्कोहोल ५ टक्क्यांपर्यंत चालतं. पण तेच पाणी साधारण साडेपंधरा अंशांखाली थंड ठेवलं तर साडेआठ टक्केही चालतं. गार पाण्यातून अल्कोहोल कमी उडतं, एवढीच त्यामागची गोष्ट. गंमत म्हणजे अ‍ॅसिटोन यापेक्षा कितीतरी वेगाने उडतं, तरी १९९५ पासून ते अमेरिकेच्या नियंत्रित बाष्पनशील द्रव्यांच्या यादीत नाही, कारण त्यापासून ओझोन फारसा बनत नाही.

फडक्यांसाठीचा उपाय सर्वांत स्वस्त: झाकणाचा डबा. कमी बाष्पदाबाचा द्राव वापरला आणि फडकी बंद डब्यात ठेवली, तर निम्मा द्राव त्यांच्यातच राहतो असं धरलं जातं.

पण ओझोनच्या नियमाची नजर बाहेरच्या हवेवर असते. आत उभ्या असलेल्या कामगाराचा श्वास हा वेगळा हिशेब आहे. जपानमधल्या ओसाका शहरातल्या एका छापखान्यात तुलनेने तरुण कामगारांना पित्तनलिकेचा कर्करोग झाल्याचं २०१२ मध्ये उजेडात आलं. संशय पुसायच्या द्रावातल्या १,२-डायक्लोरोप्रोपेन या रसायनावर गेला, आणि २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. त्या कामगारांचं काम रोजचंच होतं: हवा जेमतेम खेळणाऱ्या खोलीत, द्रावात भिजवलेल्या फडक्याने ब्लँकेट पुसायचं.